बाईकची बॅटरी: आधी मीटर, मग पाना, शेवटी पाकीट

शेजारच्या काकांनी आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या घातल्या. तिसऱ्यांदा सेल्फ बसला तेव्हा मला हाक मारून म्हणाले, "बघ रे जरा, हल्ली मालच डुप्लिकेट येतो." मी चावी फिरवली आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. ब्रेकवर कुणाचा पाय नव्हता, तरी ब्रेकचा लाल दिवा लागलेला. मागच्या ब्रेकचा स्विच चिखलाने अडकला होता. तो बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास खातो. काका रोज स्टेशनपर्यंत दीड किलोमीटर जायचे आणि संध्याकाळी तेवढेच परत यायचे. एवढ्या अंतरात बॅटरी भरणार कधी?

बहुतेकांची चूक इथेच होते. सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरी गेली असं धरून थेट दुकान गाठतात. शंभर ते साडेतीनशे सीसीच्या गाड्यांमध्ये १२ व्होल्टची शिसं-आम्लाची बॅटरी असते, हा लेख तिच्याबद्दल आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले आणि बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. जुनी कार्ब्युरेटरची गाडी बॅटरी मेली तरी किकवर चालू व्हायची. नव्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी पुरती उतरली की किक मारून पाय दुखतो, बाकी काही होत नाही. कित्येक गाड्यांना तर किकच नाही.

## तयारी

डिजिटल मल्टिमीटर हवा, साधा चालेल. दहाचा पाना, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा, जुना टूथब्रश, खायचा सोडा, व्हॅसलिन, इन्सुलेशन टेप आणि रबरी हातमोजे एवढं जवळ ठेवा. कपडे जुने घाला. ॲसिडचा थेंब जीन्सवर पडलेला त्या दिवशी दिसत नाही, दोन धुण्यांनंतर तिथे भोक पडतं.

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. हे मी उगाच सांगत नाही. माझ्या दहाच्या पान्याच्या एका टोकाला वितळल्याचा खड्डा आहे. घाईत प्लसचा बोल्ट आधी सोडवायला घेतला, पान्याचं दुसरं टोक चेसिसला टेकलं आणि वेल्डिंगसारखा झोत उडाला. पान्याच्या जागी अंगठी असती तर बोट गेलं असतं.

सावधान: चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद खोलीत, देव्हाऱ्याजवळ किंवा गॅसच्या शेगडीशेजारी चार्जिंगला लावू नका. ॲसिड डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने सलग धुवा आणि तडक डॉक्टरांकडे जा.

## टप्पा १: आधी नुसतं बघा, ऐका

सेल्फ दाबल्यावर काय होतं ते नीट ऐका. "कट-कट-कट" असा भराभर आवाज येत असेल तर रिले (सेल्फच्या मोटरला वीज सोडणारा स्विच) ओढतोय, पण मोटर फिरवायला ताकद नाही. इथे बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनल सैल. एकदाच "टक" होऊन शांतता झाली तर स्टार्टर मोटरवर किंवा जाड वायरीवर संशय घ्या. काहीच आवाज नाही आणि मीटरवरचे दिवेही नाहीत? मग फ्यूज बघा. काहीच आवाज नाही पण दिवे, हॉर्न झकास आहेत? मग किल स्विच (हँडलवरचा, इंजिन बंद करायचा), साइड स्टँड आणि क्लच स्विच बघा. किल स्विच बंद असताना गाडी गॅरेजपर्यंत ढकलत नेणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यात एकदा मीही होतो.

मग सीट किंवा साइड पॅनेल उघडा. काही स्कूटरमध्ये बॅटरी पायदानाखाली असते, काहींत पुढच्या कव्हरमागे. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली आहे का बघा. बोटाने टर्मिनल हलवून पाहा. हललं तर दोष सापडला असं समजायला हरकत नाही. घट्ट करा आणि पुन्हा सेल्फ मारा.

बॅटरीचं पोट फुगलेलं दिसलं, कडेला तडा असला किंवा ॲसिड गळत असलं, तर पुढच्या तपासण्या बॅटरीसाठी करायची गरज नाही, ती बदलायचीच. पण टप्पा ४ चुकवू नका. फुगलेली बॅटरी पुष्कळदा जादा चार्जिंगची खूण असते.

## टप्पा २: विश्रांतीतला व्होल्टेज

गाडी बंद केल्या केल्या मोजू नका. नुकत्याच चाललेल्या गाडीत बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खोटा चांगला येतो. रात्रभर उभी ठेवा, सकाळी चावी लावायच्या आधी मोजा.

मीटरची चकती डीसी २० व्होल्टवर आणा. लाल वायर व्होल्टच्या भोकात, काळी कॉमनमध्ये. लाल वायर चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही ती बॅटरीला लावली, तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो. नवशिक्यांचे बहुतेक मीटर असेच मरतात.

- १२.६ ते १२.८: भरलेली. सीलबंद बॅटरीत १२.८ ते १३.० सुद्धा दिसतं.
- १२.४: साधारण पाऊण.
- १२.२: अर्धी.
- १२.० किंवा खाली: जवळपास रिकामी.
- १०.५ च्या आसपास: एक सेल गेला.

शेवटच्या आकड्यामागचा हिशेब सोपा आहे. आत सहा सेल असतात, प्रत्येकी जेमतेम २.१ व्होल्टचे. एक मेला की पाच उरतात, पाच गुणिले २.१ म्हणजे साडेदहा. चार्ज करूनही आकडा तिथेच येऊन बसत असेल तर ती बॅटरी परत येत नाही. "रिपेअर करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तपासा: आकडा १२.४ च्या खाली असेल तर लगेच निकाल देऊ नका. आधी पूर्ण चार्ज करा. चार्जिंगचा करंट एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते तो आकडा) दहाव्या भागाएवढा ठेवा, म्हणजे ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. गॅरेजमधल्या कारच्या चार्जरवर तासाभरात "फुल्ल" करून आणलेली छोटी बॅटरी आतून भाजून निघते. चार्जर काढल्यावर बॅटरी कशालाही न जोडता रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ च्या वर असेल तर पुढच्या टप्प्याला जा. नुसती ठेवलेली असताना १२.३ वर उतरली असेल तर ती संपली.

झाकणं असलेली, पाणी घालायची बॅटरी असेल तर चार्ज करण्याआधी पातळी बघा. अंगावर दोन रेषा असतात, पाणी त्यांच्या मधे हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं किंवा बिसलरीचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. ॲसिड तर मुळीच घालू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

## टप्पा ३: सेल्फच्या ताणाखाली

१२.७ दाखवणारी बॅटरीसुद्धा सेल्फ मारल्यावर मान टाकू शकते, म्हणून ही चाचणी सगळ्यांत महत्त्वाची. मीटरच्या वायरी बॅटरीच्या शिश्याच्या टर्मिनलवरच धरा, वरच्या बोल्टवर नको. कुणाला तरी सेल्फ दाबायला सांगा. इंजिन पटकन पकडतं आणि सर्वांत खालचा आकडा डोळ्यांना सापडत नाही. त्यावर माझी युक्ती म्हणजे मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ घ्यायचा आणि मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायचा.

पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना १० व्होल्टच्या वर राहिली तर तब्येत चांगली. ९.६ च्या खाली कोसळली तर बदला. मधे अडखळत असेल तर थंडीच्या दिवसांत ती दगा देणार हे धरून चाला. बॅटरीला मारतो उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हात उभ्या गाडीतली बॅटरी लवकर म्हातारी होते. ते कळतं मात्र डिसेंबरच्या सकाळी, कारण थंडीत इंजिन ऑइल घट्ट असतं आणि बॅटरीचा जोरही कमी झालेला असतो.

हातासरशी आणखी एक मोजणी उरका. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर गंजली आहे. कोकणात हे फार होतं. वायर काढून, घासून, परत आवळली की कधी कधी "मेलेली" बॅटरी पुन्हा बोलू लागते.

## टप्पा ४: गाडी बॅटरीला भरते आहे का?

काकांच्या बाबतीत राहिला होता तो हाच टप्पा. गाडी चालू करा, मीटर बॅटरीवर ठेवा. आयडलिंगला आकडा तेराच्या घरात असेल, त्यावरून काही ठरवू नका. हेडलाइट चालू ठेवून (एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत तो तसाही कायम चालूच असतो) ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा, चार-पाच हजार आरपीएमपर्यंत. आरपीएमचा काटा नसेल तर वरच्या गियरमध्ये पन्नासने जाताना इंजिनाचा जो आवाज येतो, तेवढा आणा.

- १३.५ ते १४.८: चार्जिंग ठीक.
- १३.२ च्या पुढे जातच नाही: आरआर युनिट (बॅटरीला जाणारा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर), मॅग्नेट कॉइल (इंजिनातली वीज बनवणारी कॉइल) किंवा त्यांच्यामधला जळका कपलर (वायरींचा जोड).
- १५ च्या वर: रेग्युलेटर गेला. ही गाडी नवी बॅटरीही उकळून टाकेल.

पहिल्या ओळीत नसाल तर बॅटरीची खरेदी थांबवा, आधी वायरमनकडे जा. आरआर युनिटचा कपलर सोडवून बघायला सांगा. पिना तपकिरी आणि प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर नुसतं युनिट बदलून भागत नाही, कपलरही बदलावा लागतो.

सावधान: "चालू गाडीत बॅटरीची वायर काढा, इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग ठीक" हा जुना गॅरेजचा नुस्खा करू नका. बॅटरी मधून गेली की व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू, मीटर, बल्ब यांपैकी काहीही जाऊ शकतं. आणि ईसीयू बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो.

## टप्पा ५: बंद गाडी करंट खाते आहे का?

गाडीला जीपीएस ट्रॅकर, अलार्म किंवा मोबाइल चार्जर बसवला असेल तरच यात वेळ घाला. चावी काढा, मायनसची वायर सोडवा. मीटरची चकती १० अँपिअरवर आणा, लाल वायर आता १० अँपिअरच्या भोकात लावा आणि मीटर सोडवलेली वायर आणि मायनस टर्मिनल यांच्या मधे जोडा. काही मिलिअँपिअर दिसले तर ठीक. ५० मिलिअँपिअर जात असतील तर ५ एएचची भरलेली बॅटरी शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांत कोरडी होते. गणपतीला गावी जाऊन आल्यावर गाडी चालू होत नाही, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फला हात लावू नका. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत.

## टप्पा ६: खरेदी

एवढं सगळं करून बॅटरीच दोषी ठरली तर तिचा फोटो आणि लांबी-रुंदी-उंची घेऊन दुकानात जा. पाच गोष्टी जुळायला हव्यात: व्होल्ट, एएच, माप, प्रकार, आणि प्लस कुठल्या बाजूला आहे ते. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. प्लस-मायनस उलट्या बाजूंना असले की वायरी ओढूनताणून लावल्या जातात, आणि लाल वायरीचं आवरण फ्रेमला घासून एक दिवस धूर निघतो.

एएच थोडा जास्त असला आणि बॅटरी ट्रेमध्ये नीट बसली तर बिघडत नाही. कमी एएचची "हीच बसते साहेब" म्हणून दिली तर घेऊ नका. लिथियमचं म्हणाल तर रोज ऑफिसला जायच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत मला ते पैसे वाया घालवणं वाटतं.

उत्पादनाची तारीख बघा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नाकारा. तुमचा मीटर दुकानातच लावा. सीलबंद बॅटरी १२.७ च्या खाली असेल तर दुसरी मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

ॲसिड घालून मिळणारी ड्राय चार्ज बॅटरी असेल तर आणखी थोडी जपणूक लागते. ॲसिड भरल्यावर प्लेटा भिजायला निदान अर्धा तास द्यावा लागतो आणि मग कंपनीने सांगितलेला पहिला चार्ज. काउंटरवर ॲसिड ओतून पाच मिनिटांत हातात ठेवलेली बॅटरी पहिल्या दिवसापासून अर्धवटच असते. "संध्याकाळी न्यायला येतो, चार्ज करून ठेवा" असं सांगा. आणि हवेच्या नळीच्या तोंडावरचं सीलचं टोपण निघालं आहे ना, हे स्वतः बघा. ते राहिलं तर वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि बॅटरी फुटू शकते.

## टप्पा ७: जुनी काढा

चावी काढून खिशात टाका. वायरी कशा गेल्या आहेत त्याचा फोटो घ्या. मग:

१. आधी मायनस सोडवा. वायरीच्या टोकाला टेप गुंडाळून बाजूला वाकवून ठेवा.
२. मग प्लसची लाल टोपी सरकवून प्लस सोडवा.
३. रबरी पट्टा किंवा क्लॅम्प काढा.
४. हवेची नळी असेल तर ती सोडवा आणि बॅटरी सरळ उभीच बाहेर काढा.

मायनस आधी का? गाडीची सगळी चेसिस मायनसला जोडलेली असते. मायनस सुटला की प्लस सोडवताना पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. माझ्या पान्यावरचा खड्डा हा क्रम उलटा केल्याचा.

ट्रेमध्ये भुकटी असेल तर सोड्याचं पाणी टूथब्रशने लावा. फेस येणं थांबेपर्यंत घासा, पाण्याने धुवा, वाळवा. वायरींची टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. खालचं रबर फाटलं असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घाला.

## टप्पा ८: नवी बसवा

क्रम आता उलटा. बॅटरी ट्रेमध्ये, पट्टा घट्ट, आधी प्लस, शेवटी मायनस.

इथे एक बारीक छळ आहे. टर्मिनलच्या खोबणीत जो चौकोनी नट असतो तो बोल्ट टेकवला की खाली घसरतो, आणि तुम्ही दहा मिनिटं बोल्ट हवेत फिरवत बसता. नटाखाली स्पंजचा छोटा तुकडा कोंबा, नट भोकाशी उचलून राहतो. नट इंजिनात कुठेतरी पडला आणि सापडत नाही, तर सापडेपर्यंत मायनस जोडू नका.

बोल्ट आवळताना मनगटाचा जोर पुरे, दंडाचा नको. शिसं मऊ असतं, टर्मिनल बुडातून चिरतं. वायरीचं टोक बोटाने फिरत नाही एवढं घट्ट झालं की थांबा, वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. व्हॅसलिन आवळल्यानंतरच लावायचं, टोकांच्या मधे नाही.

मायनस टेकवताना बारीकशी ठिणगी उडाली तर घाबरू नका. मोठी "फट्ट" झाली तर लगेच बाजूला घ्या: चावी चालू राहिली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. हवेची नळी साखळी आणि सायलेन्सरपासून लांब, खाली सोडा, तिला पीळ पडू देऊ नका.

## टप्पा ९: पाने आवरण्याआधी

चावी चालू करा. इंजेक्शनच्या गाडीत पंपाची घरघर थांबू द्या, मग ॲक्सिलरेटरला हात न लावता सेल्फ मारा. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, पुढचा-मागचा ब्रेक लाइट बघा; ब्रेक सोडल्यावर तो विझतो ना, हेही. घड्याळ लावून घ्या. आणि टप्पा ४ पुन्हा करा, नव्या बॅटरीवर. १३.५ ते १४.८ दिसलं की सीट बसवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रांतीतला व्होल्टेज मोजून मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलना करायला आकडा हाताशी राहतो. आठवड्याने दोन्ही बोल्ट एकदा पान्याने चाचपा, मऊ शिसं बसतं आणि पाव फेरा सैल झालेला सापडतो.

## जुनी बॅटरी आणि कागद

जुनी बॅटरी माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत ठिकाणी पोचवायची असते, आणि नवी घेताना दुकानदार ती घेऊन किमतीत सूट देतो. आधी भाव विचारा आणि सूट बिलावर लिहून घ्या. नेताना पिशवीत उभी ठेवा, टर्मिनलवर टेप लावा. आतलं ॲसिड गटारात ओतून "हलकी" करणारेही असतात. असं करू नका, त्यात शिसं असतं.

वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर समोर उभं राहून घालून घ्या. वॉरंटीचे महिने पूर्ण बदलून मिळण्याचे किती आणि प्रमाणात सूट मिळण्याचे किती, हे वेगवेगळं विचारा. "४८ महिने" ऐकून खूश झालेल्यांना तिसऱ्या वर्षी नवी बॅटरी फुकट मिळेल असं वाटत असतं. बिल थर्मल कागदाचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वर्षभरात तो कागद कोरा होतो. बॅटरीच्या अंगावर मार्करने बसवल्याची तारीख लिहा, सीट उघडल्यावर दिसेल अशा बाजूला.